गोधडीसोबत शिवणारीही

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या बाईंनी उभं आयुष्य मुलींना शिवण शिकवण्यात घातलं. त्यामुळे विषय काय घ्यावा, याचा मला फार विचार करावा लागला नाही. आज मी गोधडीवर बोलणार आहे, आणि गोधडी शिकवायला परदेशी जाण्यावर बोलणार आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. खानदेशातली गोधडी जगाला दाखवायची असेल, तर ती शिवणारी बाई शिक्षिका म्हणून तिच्यासोबत गेली पाहिजे. आणि तिकडे तिला शिक्षिकेचा मान मिळायचा असेल, तर तो आधी आपण इथे दिला पाहिजे.

आपल्याकडे गोधडी हे घरातलं पांघरूण. बाज टाकली की तिच्यावर गोधडी, पाळण्यात गोधडी, परगावी निघालं की वळकटीत गोधडी. त्याच जातीच्या पांघरुणाला तिकडे क्विल्ट म्हणतात, आणि ती शिवणाऱ्यांचा मोठा, हौशी आणि शिस्तीचा समाज अमेरिकेत, युरोपात, जपानात, ऑस्ट्रेलियात पसरलेला आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात दर वर्षी आंतरराष्ट्रीय क्विल्ट महोत्सव भरतो. कोविडच्या आधी तिथे पन्नास हजारांहून जास्त माणसं येत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला २००३पासून असाच महोत्सव भरतो आहे. जपानात टोकियो डोम या बेसबॉलच्या स्टेडियममध्ये २००२पासून कितीतरी वर्षं क्विल्टचा मेळा भरत असे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन गावच्या विद्यापीठाने १९९७ साली केवळ क्विल्टच्या अभ्यासासाठी केंद्र सुरू केलं, आणि आज ते आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय म्हणून ओळखलं जातं. आपल्या देशातही चेन्नईला २०१९ साली इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरला.

या मोठ्या मेळ्यांच्या मागे गावोगावची लहान मंडळं असतात. महिन्यातून एकदा जमायचं, एकमेकींचं काम उलगडून बघायचं, अडलं तिथे विचारायचं, आणि वर्गणी साठवून बाहेरगावच्या शिक्षिकेला बोलवायचं, असा त्यांचा क्रम. ती शिक्षिका एका संध्याकाळी आपली पेटी उघडून एकेक क्विल्ट दाखवते आणि तिची हकिगत सांगते. दुसऱ्या दिवशी तिचा वर्ग भरतो. येण्याजाण्याचा खर्च, राहण्याची सोय, व्याख्यानाचं आणि वर्गाचं मानधन आधीच ठरलेलं असतं. पुष्कळदा मंडळातल्याच एखादीच्या घरी ती उतरते, आणि रात्रीची जेवणं झाल्यावर पुन्हा कापडं पसरून बसणं होतं. परदेशी जाऊन शिवण शिकवणं ही तिकडे अशी चांगली मळलेली वाट आहे. त्या वाटेवर आपली बाई अजून मला दिसलेली नाही, आणि म्हणून आजचा विषय.

तिच्याकडे शिकवण्यासारखं काय आहे, हे आधी बघू. समोरच्या टेबलावर पसरलेली गोधडी माझ्या आत्याची. धरणगावकडच्या खेड्यात तिचं घर होतं. मागे बसलेल्यांना नीट दिसणार नाही, म्हणून सांगते. वरचा थर जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांचा आहे. एक गर्द हिरवा, एक जांभळा, मध्ये काठाच्या लाल पट्ट्या. खालचं अस्तर म्हणजे सबंध धोतर. पोटात फाटक्या पातळांचे आणि चादरींचे थर आहेत. सुरुवात कोपऱ्यातून. पहिला धावदोरा कडेकडेने चारी बाजूंनी फिरतो. दुसरा त्याच्या आत बोटभर जागा सोडून, तिसरा त्याच्याही आत, असा फिरत फिरत दोरा मध्यावर येतो आणि तिथे संपतो. वाटेत ठिगळ लावायचं असेल, तर त्याची कड आत दुमडून त्याच दोऱ्याखाली दाबायची. पट्टी नाही, खडू नाही. अंतर डोळ्याने आणि बोटाच्या पेराने मोजायचं. गोधडी जमिनीवर पसरलेली, बाई तिच्यावरच बसलेली, आणि ओळ सरकेल तशी तीही सरकत जाते.

यातली खरी विद्या दोरा किती ओढायचा यात आहे. जास्त ओढला तर कापड चुणतं आणि गोधडी आखडते. ढिला सोडला तर पहिल्याच धुण्यात टाक्यात बोट अडकतं आणि ओळ उसवते. कापडाचे थर चार असताना जो हात, तो सहा असताना चालत नाही. नवं कापड आणि शंभरदा धुतलेलं कापड एकाच ओळीत आलं, तर दोन्हीकडे वेगळा ताण ठेवावा लागतो. आत्या म्हणायची, ‘दोरा वढू नको, त्याले बठू दे.’ हे वाक्य पुस्तकात लिहून शिकवता येत नाही. शिकणारीच्या हातावर हात ठेवूनच ते शिकवावं लागतं.

आता तिकडची पद्धत बघा. अमेरिकी क्विल्टचं काम बहुधा तीन टप्प्यांत चालतं. आधी कापडाचे नेमक्या मापाचे तुकडे कापायचे आणि पाव इंच शिवण सोडून ते जोडायचे, की वरचा थर झाला. मग त्याखाली कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा भराव आणि त्याखाली अस्तर असे तीन थर टाचून घ्यायचे. मग त्यावर शिवण भरायची. मापाची काटेकोर शिस्त आणि कोनाला कोन जुळवण्याची हातोटी त्यांच्याकडे आहे, आणि ती आपण आदराने शिकावी अशी आहे. पण आपली बाई जोडकाम, थर बांधणं आणि शिवण भरणं हे सगळं एकाच सुईने, एकाच फेरीत करते. रंग ठरवते तोही शिवता शिवता, हाताला कोणता तुकडा येतो ते बघून. जन्मभर पट्टी आणि कात्री हातात धरलेल्या बाईला हे नवं असतं. कापण्याआधी सगळं ठरवायची जिला सवय आहे, तिला न ठरवता सुरुवात कशी करायची, हे आपल्या बाईकडून शिकता येईल. जपानी बायकांना तर यात ओळखीचं काही सापडेल. त्यांच्या उत्तरेकडच्या थंड मुलखात कापूस पिकत नसे, जुन्या कापडाची चिंधीही मोलाची. तिथल्या शेतकरी बायका थरावर थर ठेवून धावदोऱ्यानेच पांघरुणं आणि कपडे शिवत आल्या.

आता इतिहासाकडे वळते. आपल्या देशातली शिवलेली पांघरुणं परदेशी जाऊ लागली त्याला चारशे वर्षं होऊन गेली. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधल्या सातगावकडची, पिवळ्या टसर रेशमाने साखळी टाक्यात भरलेली पांघरुणं पोर्तुगीज जहाजांतून लिस्बनला जात. त्यांच्यावर शिकारीची दृश्यं असत, बायबलमधले प्रसंग असत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांतली काही जपून ठेवली आहेत. आज त्यांतला टाका न् टाका बघता येतो, पण ते टाके घालणाऱ्या हातांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. वस्तू समुद्रापार पोचली आणि माणूस काठावर राहिला, असा तो व्यवहार होता.

त्याच बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी नावाच्या बाईने आपल्या वडिलांसाठी कांथा शिवली आणि तिच्यावर दोऱ्यानेच आपलं नाव लिहून ठेवलं. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयातली ती कांथा आज तिच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही कामं नामी, दोन्ही जुनी. फरक एवढाच की एकीकडे शिवणारीने आपलं नाव सोडलं, आणि त्यामुळे आज आपण तिच्याविषयी बोलू शकतो.

महाराष्ट्राच्या गोधडीवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी मोठं काम केलं. त्यांचं ‘गोधडीज ऑफ महाराष्ट्र’ हे पुस्तक २०१३ साली फ्रान्समधल्या क्विल्टमानिया या प्रकाशनसंस्थेने काढलं. पुढच्याच वर्षी पॅट्रिक फिन यांचं ‘क्विल्ट्स ऑफ इंडिया’ आलं. आपल्या घरातल्या पांघरुणाची दखल क्विल्टच्या जगाने घेतली आहे, याचा हा पुरावा. पाहणाऱ्यांनी पाहिलं, लिहिणाऱ्यांनी लिहिलं. आता शिवणारीने स्वतः बोलायची पाळी आहे.

ती बोलली तर काय होतं, याची तीन उदाहरणं माझ्यासमोर आहेत.

पहिलं उदाहरण आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी म्हणजे कैक शतकांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. तीही कडेपासून सुरू होऊन आत जाते, ठिगळ दुमडून त्याच दोऱ्याखाली दाबते, म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीणच. अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्र्यूअल यांच्या पुढाकाराने २००४ साली तिथल्या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. २०११ साली त्यांच्या कवंद्या न्यूयॉर्कच्या शॉमबर्ग केंद्रात मांडल्या गेल्या. कॅलिफोर्नियातल्या मार्गारेट फॅब्रिझिओ या क्विल्ट शिवणाऱ्या कलावती तर सिद्दींच्या गावी येऊन त्यांच्याजवळ बसून शिकल्या, आणि मग तिकडे जाऊन त्यांनी ती पद्धत इतरांना दाखवली. आज अमेरिकेतल्या शिवणवर्गांत कवंदी शिकवतात. शिकवणाऱ्या बहुतेक तिकडच्याच असतात. पद्धत गेली, नाव गेलं, आणि त्या नावाबरोबर सिद्दींची ओळखही पोचली, ही जमेची बाजू. पण वर्गात उभी राहणारी बाई सिद्दी असती, तर त्या ओळखीला चेहरा मिळाला असता.

दुसरं उदाहरण इजिप्तची राजधानी कैरोचं. तिथे बाब झुवैला या जुन्या वेशीजवळ तंबू शिवणाऱ्यांची एक गल्ली आहे. पुरुष मांडी घालून बसतात आणि कापडावर कापड बसवून विलक्षण नक्षी शिवतात. छापील कापड स्वस्तात येऊ लागलं आणि त्यांचा धंदा बसत चालला. जेनी बोकर या ऑस्ट्रेलियन शिवणकलावतीचे यजमान तेव्हा इजिप्तमध्ये ऑस्ट्रेलियाचे राजदूत होते. जेनी यांनी या कारागिरांचं काम २००७ साली मेलबर्नच्या क्विल्ट प्रदर्शनात नेलं. पुढे प्रदर्शनांसोबत कारागीर स्वतः गेले. ते दालनात बसून शिवत, आणि क्विल्ट शिवणाऱ्या बायका त्यांच्याभोवती घोळका करून उभ्या राहत. भाषा एक नव्हती. पण सुई कुठून वर येते, कापडाची कड सुईच्या टोकाने आत कशी सारायची, हे बघायला भाषा लागत नाही. इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला, कामाला भाव आला, त्यांच्यावर माहितीपट निघाला. याचं मर्म एवढंच की राजदूताच्या पत्नीने वस्तू मागवून स्वतः विकली नाही. तिने कारागिरांसाठी दार उघडलं आणि त्यांना पुढे केलं.

तिसरं उदाहरण आपल्याला सगळ्यांत जवळचं आहे, आणि त्यात कापूस आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस लिव्हरपूलला पोचेनासा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाचे भाव गगनाला भिडले. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली. खानदेशचा कापूस गाठोड्यांतून, गाड्यांतून, जहाजांतून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत गेला. त्या पैशाने पुढे आपल्याकडे गिरण्या उभ्या राहिल्या. जळगावची खानदेश मिल १८७४ची, आणि अमळनेरची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पण कापूस हा विकायचा माल होता. शेतकऱ्याच्या घरात पांघरायला उरायचं ते जुनं लुगडं. कापसाच्या मुलखात गोधडी चिंध्यांची का शिवली जाते, याचा माझा अर्थ हा आहे.

ज्या युद्धाने आपल्या कापसाला भाव दिला, त्याच युद्धाने अमेरिकेतली गुलामगिरी संपवली. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. तिथे कापसाचा मळा होता, आणि त्या मळ्यावर राबलेल्या गुलामांचे वंशज तिथेच राहिले. त्यांच्या बायका शेतात फाटलेल्या पँटी, पोती, जुने कपडे जोडून क्विल्ट शिवत. थंडीत लेकरांना पांघरायला हवं, म्हणून. मतदानाच्या हक्कासाठी हे लोक उभे राहिले तेव्हा, १९६२ साली, गावाची नाव बंद करण्यात आली, आणि नदीपलीकडे जाणारी ती नाव पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी शिवणाची सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांच्या क्विल्टचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलं. प्रदर्शनांना त्या बायका स्वतः गेल्या, लोकांपुढे बोलल्या, गायल्या. २००६ साली अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या क्विल्टची तिकिटं काढली. मग पैशांवरून आणि हक्कांवरून वाद झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००८ साली मिटलं. त्यातून त्या शहाण्या झाल्या. आता त्या स्वतःच्या नावाने काम विकतात, आणि आपल्याच गावात क्विल्ट उन्हात पसरून उत्सव भरवतात. शिकायला माणसं तिथे येतात.

कापूस पिकवणाऱ्या दोन मुलखांतल्या बायकांनी, एकमेकींना न पाहता, एकाच गरजेतून एकच वस्तू घडवली. जीज बेंडची बाई आणि धरणगावची बाई एका सतरंजीवर बसल्या, तर बोलायला त्यांच्याजवळ पुष्कळ असेल. अशी बैठक घडवणं अवघड नाही. कुणीतरी ती ठरवायला हवी.

कुणी म्हणेल, आपल्या बायका कुठे परदेशी जातात? अहो, जातात. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला जळगाव-धुळ्याच्या कितीतरी आज्या न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला, लंडनला महिनोन् महिने जाऊन राहतात. बॅगेत डिंकाचे लाडू असतात, कळण्याचं पीठ असतं, बाळाचं दुपटं आणि कुंची असते. दुपारी नातवंड झोपलं की आजी सुई-दोरा काढते. ती जिथे राहते त्या गावात क्विल्ट शिवणाऱ्यांचं मंडळ असण्याची शक्यता दाट आहे. पण त्या मंडळाला आजीची खबर नसते आणि आजीला मंडळाची. ही गाठ घालून देणं मुलीचं काम आहे, जावयाचं काम आहे, आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळाचं काम आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून उभं आहे. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं आणि त्याची अधिवेशनं एक वर्षाआड भरतात. नाटक, गाणं, पुरस्कार या सगळ्याला तिथे जागा आहे. एका सतरंजीची जागा गोधडीलाही द्यावी आणि आसपासच्या परक्या शेजारणींना अगत्याने बोलवावं. दुभाषी म्हणून लेक आहेच.

आता व्यवहाराचं बोलते, कारण इच्छा असून अडतं ते इथेच. एका दिवसाच्या वर्गात गोधडी पुरी होत नाही. म्हणून दुपट्याहूनही लहान तुकडा घ्यावा आणि कोपरा धरून तीन फेऱ्या शिकवाव्यात. कोपरा वळवता आला आणि दोरा बसवता आला, की बाकीचं काम शिकणारी घरी करते. प्रत्येकीसाठी जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या, जाड सुती दोरा आणि सुई यांचं पुडकं बांधून न्यावं. कापडं धुऊन कडक उन्हात वाळवलेली असावीत, कारण जुन्या कापडातल्या किडीबद्दल तिकडे फार काळजी घेतात. संग्रहालयं तर कीड मरावी म्हणून कापड गोठवूनही ठेवतात. मानधन घेऊन शिकवायचं असेल, तर त्या देशाच्या नियमाप्रमाणे योग्य तो व्हिसा काढावा. पर्यटक म्हणून जाऊन पैसे घेतले, तर अडचण शिकवणारीलाच येते. प्रवास, मुक्काम आणि मानधन यांची बोलणी आधी लेखी व्हावीत, आणि तिच्या भाषेत तिला वाचून दाखवावीत.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते. तिला बिचारी म्हणून नेऊ नका. गरिबीची कहाणी सांगून गोधडी विकली तर पैसे मिळतील, पण शिकायला बसलेल्या बायकांच्या नजरेत ती दयेचा विषय होईल. ती जाणकार आहे. थर किती, ताण किती, कोणतं कापड वर आणि कोणतं पोटात, याचा निवाडा तिच्याकडे आहे. तिची ओळख या निवाड्याने करून द्या. आणि ती शिकवायला जाते तशी शिकायलाही जाते, हे तिलाही सांगा. मापाने कापायची रीत, कापड ताणून धरायचं गोल कडं, बोटात घालायचं अंगुस्तान, रंगांची मांडणी, हे तिच्या उपयोगाचं आहे. समोरच्या बायका तिच्याइतक्याच हाताच्या पक्क्या असतात. दोघींनी एकमेकींना दिलं-घेतलं, तर तो खरा सत्संग.

परदेशचं झालं. आता घरचं बघू, कारण घरची विहीर आटत चालली आहे. आपल्या खानदेशात धुळ्याकडे थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, पण पांघरायला आता मिंक ब्लँकेट आहे. सुती लुगडी कपाटातून गेली. सुरतेहून येणाऱ्या सिंथेटिक साड्या आपण नेसतो. ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेश आणि सुरत एकमेकांना बांधले, लाखो खानदेशी माणसं तिकडे पोट भरायला गेली, आणि तिथलं कापड इकडे आलं. त्या साडीवर सुई घसरते, थर एकमेकांवर टिकत नाहीत, दोरा बसत नाही. घाम शोषत नाही म्हणून अशी गोधडी अंगावर घ्यावीशीही वाटत नाही. मग ती मशीनवर शिवून मोकळे होतात. साठीच्या आतली, हाताने सबंध गोधडी शिवू शकणारी बाई आपल्या गल्लीत कोण आहे, हे प्रत्येकाने आठवून बघावं. जगाला शिकवायला जायचं, तर घरी शिकणाऱ्या मुली हव्यात.

हे करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. १९३६च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन याच खानदेशात, फैजपूरला भरलं. बांबू आणि स्थानिक साहित्यातून नंदलाल बोस यांनी ती नगरी सजवली, आणि गांधीजींच्या प्रेरणेने तिथे खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन मांडलं गेलं. खेड्यातल्या हातांचं काम देशासमोर ठेवायला आपल्याला तेव्हा संकोच वाटला नव्हता. आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी? १८८०चा त्यांचा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी कागदावर उतरवून घेतल्या, त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या, आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचं पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. टिपून घेणारं कुणी नसतं, तर ती वाणी जात्याबरोबरच थांबली असती. गोधडी शिवणारीचंही कुणीतरी टिपून घ्यायला हवं.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७पासून या मुलखाची कागदपत्रं जपत आलं आहे. त्याच्यासारख्या संस्थांनी आणि आपल्या विद्यापीठाने खानदेशातल्या गोधड्यांची आणि त्या शिवणाऱ्यांची नोंदवही करावी. त्यात नाव, गाव, पद्धत आणि छायाचित्र असावं. शाळांनी मे महिन्याच्या सुट्टीत मुलामुलींसाठी गोधडीचे वर्ग घ्यावेत, आणि शिकवायला त्याच गावच्या बाईला मानधन देऊन बोलवावं. बचत गटांनी महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत पापड-लोणच्यांच्या शेजारी गोधडीचा गाळा मांडावा आणि तिथे विकणारीसोबत शिकवणारीही बसवावी. तिथे परक्यांसमोर शिकवायचा सराव झाला, की पुढे ह्यूस्टन काय आणि बर्मिंगहॅम काय, भीती राहत नाही. आणि चौथी मागणी तुम्हा सगळ्यांकडे आहे. तिकडच्या बायका क्विल्ट पुरी झाली की मागच्या कोपऱ्यात एक लहान कापडी पट्टी शिवतात आणि तिच्यावर आपलं नाव, गाव आणि साल लिहितात. हा त्यांचा साधा रिवाज आपण उचलू या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतील. घरातल्या गोधड्या काढा, कोणती कुणी शिवली ते आईला, आत्याला, मावशीला विचारा, आणि ते नाव मागच्या कोपऱ्यात दोऱ्याने शिवून घ्या. ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांनी आजच त्यांना फोन करून गावातल्या क्विल्ट मंडळाचा पत्ता काढायला सांगा. आणि ते मंडळ गोधडी मागवू लागलं, तर त्यांना कळवा: गोधडी जरूर पाठवतो, पण ती घेऊन येणारी आमची बाई असेल, आणि ती तुम्हाला शिकवायला येते आहे.